अंदमान, पाच रात्री, सहा माणसं: हॉटेल नंतर, आधी बोट

घरात अंदमानचं ठरलं की पहिल्यांदा काय होतं, तर कोणीतरी मोबाईल घेऊन सोफ्यावर पडतं आणि हॉटेलच्या रूम बघायला लागतं. आमच्याकडे ते काम नवऱ्याने केलं. हॅवलॉकला समुद्राला लागून एक झकास कॉटेज बुक करून टाकलं आणि चार दिवसांनी लक्षात आलं की त्या तारखेची दुपारची बोट फुल आहे, सकाळची मिळतेय पण ती सुटेल तेव्हा आपण चेन्नईच्या विमानतळावर इडली खात असणार. कॉटेजचे निम्मे पैसे गेले. तेव्हापासून मी भेटेल त्याला एकच सांगत सुटलेय, अंदमानचा प्लॅन हॉटेलपासून करायचा नाही, बोटीपासून करायचा. तिकडे सगळं बोट आणि सूर्य ठरवतात, आपण त्यांच्यामागे बॅगा ओढत फिरायचं.

आम्ही सहा जणं होतो. मी, नवरा, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि सासू-सासरे, म्हणजे आमचे आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या अल्याडपल्याड, आईंचे गुडघे जिना बघितला की कुरकुरायला लागतात. त्यामुळे खाली जे लिहितेय ते लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असलेल्यांसाठी आहे. कॉलेजच्या पोरांनी जावं आणि जेट्टीवर झोपावं, त्यांना काय.

आधी नावांचा घोळ

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे. हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही तिन्ही डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पण टॅक्सीवाला, हॉटेलवाला, बोटीवाला सगळे अजून जुनीच नावं घेतात. तिकिटावर स्वराज द्वीप दिसलं की "अरे आपण तर हॅवलॉकचं काढलं होतं" म्हणून घाबरू नका, तेच ते. मी पण खाली जुनीच नावं लिहितेय, तोंडात तीच बसलीत.

अंदमान-निकोबार म्हणजे लहानमोठी बेटं आणि खडक धरून ८३६, त्यातली वस्तीची तीसेक. निकोबारला पर्यटकांना जाता येत नाही. छोट्या ट्रिपमध्ये आपल्या वाट्याला येतात ती तीन ठिकाणं, पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील. या तिन्हींसाठी आपल्याला परमिट वगैरे काही लागत नाही, आधार कार्ड किंवा कुठलंही फोटोवालं ओळखपत्र पुरतं. मुलांचंही न्या हं, बोटीच्या काउंटरवर मागतात.

कधी जायचं

आपल्या सुट्ट्या तीन, दिवाळी, नाताळ आणि मे. यातली दिवाळी जरा बेभरवशाची, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळं उठायचा काळ, आणि वारा वाढला की बोटी बंद. मे महिन्याचं म्हणाल तर मान्सून आपल्याकडे केरळात यायच्या आधी अंदमानला पोचतो, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ते बातम्यांत दरवर्षी ऐकतोच की आपण. त्यामुळे मेमध्ये जायचं तर पहिल्या आठवड्यात, आणि घामाची तयारी ठेवून. नाताळात हवा छान पण विमानाचे भाव बघून डोळे पांढरे होतात.

सगळ्यात सुखाचे दिवस जानेवारी ते मार्च. आम्ही २६ जानेवारीला जोडून गेलो, मुलांच्या शाळा तीन दिवस बुडवल्या. समुद्र शांत, पाणी स्वच्छ, आणि विमान नाताळापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त. शाळा बुडवणं पटत नसेल तर मार्चच्या शेवटी परीक्षा संपल्या संपल्या निघा.

सूर्याचं काय ते नीट समजून घ्या

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिले दोन दिवस वाया गेले नसते. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की ते ब्रह्मदेशाला जवळ, पण घड्याळ मात्र आपलंच. म्हणजे जानेवारीत सकाळी पावणेसहाला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला सूर्य गायब, डिसेंबरात तर पाचलाच. आमच्या डोंबिवलीपेक्षा तास-दीड तास आधी. आपण सवयीने आठला उठणार, दहाला नाश्ता करून निघणार, दोनला जेवून जरा आडवे होणार, आणि साडेचारला "चला आता बीचवर" म्हणणार, तोपर्यंत तिकडे दिवस आवरत आलेला असतो.

म्हणून सगळ्या गोष्टी दीड-दोन तास अलीकडे ओढा. पाच-साडेपाचला उठायचं (मुलं आपोआप उठतात, पडद्यातून उजेड येतो), साडेसातला बाहेर, बारा-साडेबाराला जेवण, मग भर उन्हात दोन तास झोप, आणि तीनला पुन्हा बाहेर. रात्री नऊला सगळे गारद. आई-बाबांना हे वेळापत्रक इतकं आवडलं की ते परत आल्यावरही आठवडाभर तसंच वागत होते.

बुकिंगचा क्रम

पहिलं विमान. मुंबई किंवा पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद असं कुठेतरी बदलून जावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढे दोन-सव्वादोन तास. जाताना पहाटेचं विमान घ्या म्हणजे दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला उतराल. येताना मात्र दुपारचं घ्या, का ते पुढे येईल. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या, वेगवेगळी काढून पाचशे रुपये वाचवायला जाल आणि पहिलं लेट झालं की दुसऱ्याचे सगळे पैसे बुडतील. जहाजानेही जाता येतं, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून, पण त्यात एका बाजूचे अडीच-तीन दिवस जातात, छोट्या सुट्टीत त्याचा विचारच नको.

दुसरी बोट. विमानाची तिकिटं हातात आल्याबरोबर, त्याच दिवशी, बोटीची काढा. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर, असे तीन टप्पे. मकरूझ, नॉटिका, ग्रीन ओशन अशा खाजगी एसी बोटी आहेत, त्यांच्या वेबसाईटवर घरबसल्या तिकीट मिळतं, एका टप्प्याला माणशी साधारण दीड ते दोन हजार धरा. सरकारी बोट खूपच स्वस्त, पण तिची तिकिटं मिळवणं हा वेगळा उद्योग आहे आणि वेळही जास्त लागतो. सहा जणांच्या घरच्यांनी खाजगीच घ्यावी असं माझं मत. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक दीड ते अडीच तास, बोटीवर अवलंबून, हॅवलॉक-नील तासभर किंवा त्याहून कमी.

तिसरं हॉटेल. बोटीच्या वेळा कळल्या की कुठल्या रात्री कुठे झोपायचं ते आपोआप ठरतं. रूम बुक करताना दोनच प्रश्न फोन करून विचारा, तळमजल्यावरची रूम मिळेल का आणि लाईट गेली तर जनरेटरवर एसी चालतो का. आम्हाला एका ठिकाणी "सी व्ह्यू" म्हणून तिसऱ्या मजल्यावरची रूम दिली, लिफ्ट नाही. आई एक रात्र वर चढल्या त्या सकाळीच खाली उतरल्या, संध्याकाळचा चहा आम्ही वर नेऊन दिला.

पाच रात्रींची वाटणी

पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग दोन हॅवलॉक, एक नील, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, याच्यात अजिबात सूट नाही. कितीतरी लोक सकाळी नीलहून बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत करतात आणि कागदावर ते बसतंही, पण वारा सुटला आणि बोट रद्द झाली तर सहा माणसांची विमानाची तिकिटं पाण्यात. नीलहून निघतानाही सकाळची बोट घ्या, म्हणजे ती रद्द झाली तरी दुपारची, संध्याकाळची कुठलीतरी शिल्लक राहते, आणि अगदी दुसऱ्या दिवशी सकाळी यावं लागलं तरी विमान दुपारचं असल्यामुळे जीव भांड्यात. आमची बोट रद्द झाली नाही, तीन तास लेट झाली. शेजारच्या बाकावरचं एक जोडपं त्या तीन तासांत घड्याळ आणि समुद्र यांच्याकडे आळीपाळीने बघत होतं, दीड वाजताचं विमान होतं त्यांचं.

चारच रात्री असतील तर नील सोडा, हॅवलॉकच्या दोन ठेवा. तिन्ही ठिकाणं चार रात्रींत करणं म्हणजे बॅगा भरणं आणि उघडणं.

पहिला दिवस: काही करू नका

पहाटे दोनला उठून आलेली माणसं असतात. ट्रॅव्हल कंपन्या पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल आणि लाईट अँड साउंड शो ठेवतात, तो ठेवू नका. दुपारी झोपा, तीन-साडेतीनला जवळच्या कॉर्बिन्स कोव्ह बीचवर जा, नारळपाणी प्या, मुलांना वाळूत सोडा, अंधार पडला की परत. येता येता बाजारातून पाण्याच्या मोठ्या बाटल्या, बिस्किटं आणि लागतील ती औषधं घ्या, कारण पुढच्या दोन बेटांवर केमिस्ट कमी आणि महाग. एटीएममधून थोडी कॅशही काढून ठेवा. चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे पोर्ट ब्लेअरला नेट व्यवस्थित चालतं, हॅवलॉकलाही यूपीआय बऱ्यापैकी, पण नीलला नेटवर्क आलं तर आलं. बोटीची तिकिटं, हॉटेलची बुकिंग सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एक प्रिंट बाबांच्या शर्टाच्या खिशात, ती कधीच हरवत नाही.

बोटीत उलटी होऊ नये म्हणून

हा विषय जरा सविस्तर घेते कारण यावर दिवस बनतो किंवा बिघडतो. बोट बंद काचेची, एसी, बाहेर जाता येत नाही (ग्रीन ओशनमध्ये वर डेकवर जाऊ देतात, तेवढं एक सुख), आणि लाटांवर ती हळूहळू पुढे-मागे झुलते. गाडीत ज्यांना मळमळतं त्यांना इथे नक्की मळमळणार. गोळी घ्यायची तर बोटीत बसायच्या आधी अर्धा-पाऊण तास, उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन काही होत नाही, ती बाहेरच येते. मुलांना किती द्यायची आणि आई-बाबांच्या बीपीच्या औषधांबरोबर चालते का, हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

रिकाम्या पोटी बसू नका आणि पुरी-भाजी चापूनही बसू नका. दोन केळी, चार मारी बिस्किटं बस. सीट निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली, पुढच्या टोकाला हेलकावे जास्त बसतात. पोरांच्या हातातला मोबाईल काढून घ्या आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. आणि आलेपाकाच्या वड्या. डोंबिवलीहून पाव किलो नेल्या होत्या, आमच्या रांगेतल्या एका गुजराती काकूंनी चव घेतली आणि परतीच्या बोटीत त्या शोधत आल्या, "बेन, वो अद्रकवाला है क्या?"

जेट्टीवर तासभर आधी पोचावं लागतं, सामान स्कॅन होतं. बोटीत चढताना जेट्टी आणि बोट यांच्यामध्ये एक वीतभर फट असते आणि बोट हलत असते, पण तिथली माणसं म्हाताऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून अलगद उचलून ठेवतात. आईंना म्हटलं घाबरू नका, त्या म्हणाल्या लोकलमध्ये चढलेय मी चाळीस वर्षं.

हॅवलॉक

इथे गावांना नावं आहेत गोविंदनगर, विजयनगर, राधानगर आणि बीचना नंबर, तीन, पाच, सात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना पन्नासच्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं, त्यामुळे भाषा बंगाली, जेवणात मासे आणि भात, हिंदी सगळ्यांना येतं.

राहायचं गोविंदनगर किंवा विजयनगरला. जेट्टी जवळ, खाण्याची दुकानं जवळ. मात्र एक लक्षात घ्या, या पूर्वेकडच्या बीचवर ओहोटीला पाणी लांब जातं आणि खाली खडक आणि प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात, म्हणजे हॉटेलच्या फोटोत दिसतो तो पाण्याने भरलेला निळा समुद्र दिवसातून काही तासच असतो. पोहायला राधानगर. ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला, जेट्टीपासून बारा किलोमीटर, ऑटो किंवा टॅक्सी जाऊन-येऊन ठरवून घ्या. टाईम मासिकाने २००४ मध्ये याला आशियातला सगळ्यात सुंदर बीच म्हटलं होतं, आणि मी जरा नाक मुरडतच गेले होते, म्हटलं बीच तो बीच. पण मागे उंच जंगल, पुढे पिठासारखी वाळू आणि मैलभर काही नाही, ना भेळ ना घोडागाडी. तीनला पोचा, सूर्यास्त बघा आणि लगेच निघा, कारण अंधार पडता पडता सॅंडफ्लाय, म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या, चावतात. दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी पायाला लाल गांधी आणि आठवडाभर खाज. पायांना खोबरेल तेल चोपडून जायचं, त्याने बऱ्यापैकी फरक पडतो.

पोहायचं ते लाइफगार्ड दिसतो आणि आखून दिलंय तिथेच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यांच्या पाट्या लावलेल्या असतात, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिफंट बीच. जेट्टीवरून छोट्या बोटी जातात, माणशी हजाराच्या आसपास, त्यात थोडं स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघणं, धरलेलं असतं. सकाळची पहिली-दुसरी बोट पकडा, दुपारी गर्दी आणि पाणी गढूळ. जंगलातून चालत जायची वाटही आहे, पण मुलं-म्हातारे असताना बोटच. पोहता येत नसलं तरी चालतं, गाईड रिंगला धरून ओढत नेतो, आपण फक्त तोंड पाण्यात घालायचं. पहिली दोन मिनिटं नाकाने श्वास घ्यायची सवय जात नाही आणि माणूस घाबरून डोकं वर काढतो, म्हणून आधी गुडघाभर पाण्यात उभं राहून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घ्या, मुलांचा तर घरी बादलीतच. मास्क लावताना केसांची एक बट जरी कडेखाली अडकली तरी पाणी आत येतं. बाबांना मिशा आहेत, त्यांच्या मास्कमध्ये सारखं पाणी, गाईडने शेवटी कुठूनशी व्हॅसलीनची डबी काढली आणि मिशीवर थापली, मग जमलं. सत्तर वर्षांचा माणूस पाण्यातून डोकं वर काढून ओरडतो, "अगं पिवळा! पिवळा मासा, पट्टेवाला!" आणि परत डोकं आत. अर्धा तास झाला तरी बाहेर येईनात.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचं असेल तर वय किमान दहा लागतं. दमा, कानाचा त्रास, हृदयाचं काही असेल तर नकोच, फॉर्मवर विचारतात तेव्हा खरं लिहा. आणि स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं, मध्ये कमीत कमी अठरा तास, एक दिवस गेला तर उत्तम, म्हणून ते इथे तिसऱ्या दिवशीच उरकायचं.

नील

छोटंसं बेट. गावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सगळं रामायण. रिक्षाने दोन तासांत सगळं फिरून होतं. भाजीचे मळे, केळी, सुपारी, अंगणात कोंबड्या, आईंना एकदम कोकणात आल्यासारखं वाटलं, फक्त चिरे नाहीत.

इथे ओहोटीची वेळ बघूनच दिवस लावायचा. खडकाची नैसर्गिक कमान आहे, लोक हावडा ब्रिज म्हणतात, तिथपर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी वेळ विचारा. कोकणातल्या लोकांना तिथीवरून भरतीची वेळ काढायची सवय असते, बाबांनीही बोटं मोजून काढली, पण तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, इकडे चालत नाही, साफ चुकला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर ओहोटीला पाणी जास्त मागे हटतं आणि बघायला जास्त मिळतं, एवढं मात्र इथेही खरं. वाट दगडांची आणि बुळबुळीत, मागे पट्टा असलेल्या रबरी सॅंडल घाला, हवाई चपला नकोत. दगडांच्या खळग्यांत अडकलेल्या पाण्यात काळ्या सॉसेजसारखं काहीतरी पडलेलं दिसतं, ती समुद्रकाकडी, जिवंत असते, मुलांना हात लावू देऊ नका. आई पहिल्या पायऱ्यांवरच बसल्या, लिंबूपाणीवालीशी गप्पा मारत, आणि आम्ही परत आलो तेव्हा त्यांना तिच्या मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा माहीत होती.

सूर्यास्त लक्ष्मणपूरला. भरतपूरला काचेच्या तळाची बोट असते, ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी ती छान, आईंनी मासे त्यातूनच बघितले.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही, थाळी सगळीकडे मिळते, पण भात-डाळ-बटाटा याच्या पलीकडे फार अपेक्षा नको, चपाती मागितली तर वीस मिनिटं. आम्ही दशम्या, मेतकूट, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, दशम्या दोन दिवस पुरल्या, मेतकूट-भातावर धाकटा पाच दिवस जगला. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे, फक्त मसाला मालवणी नाही, मोहरीचा, तो आवडायला एक जेवण जावं लागतं.

बाराटांग का नाही

प्रत्येक टॅक्सीवाला विचारेल. बाराटांग बेटावर चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे, पण रात्री तीनला निघून, जिरकाटांगच्या चेकपोस्टला गाड्यांच्या ताफ्यासाठी रांग लावून, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे आणि तुरुंगवास होतो. गुहा बघण्यासाठी जाणारे बरेचसे लोक खरं तर खिडकीतून माणसं बघायला जातात, ते मला काही पटत नाही. शिवाय सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीचे गुडघे. सोडून द्या.

जेल शेवटच्या दुपारी

नीलहून सकाळच्या बोटीने आलात की हॉटेलवर बॅगा टाका, जेवा आणि दोन-अडीचला सेल्युलर जेल. वेळा आणि सुट्टीचा वार निघायच्या आधीच विचारून प्लॅन त्याप्रमाणे ठेवा. मग अंधार पडल्यावर तिथेच लाईट अँड साउंड शो, त्याची तिकिटं आधी काढा, हिंदीचा खेळ कुठला ते बघून.

मी शेवटी का ठेवायला सांगतेय, तर चार दिवस तुम्ही त्या पाण्यात डुंबलेले असता. मग जेलच्या मधल्या मनोऱ्यावर गेलात की चहूकडे तेच पाणी दिसतं, समोर रॉस बेट, आणि काळं पाणी म्हणजे काय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही. बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपलं. मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, सगळ्यांत मिळून कोठड्या सहाशे नव्वदच्या वर, आता तीनच इमारती उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसू नये. आवारात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय. कैद्याने दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे जवळजवळ साडेतेरा किलो. आमच्या मुलीने त्याचा हिशोब घरी येणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

मुलांना कोठडीच्या दाराची कडी दाखवा. दार लोखंडी गजांचं, पण कडी लांबच लांब आणि बाजूला भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन बसते, आतून हात कितीही बाहेर काढला तरी तिथे पोचत नाही. आमची दोन्ही पोरं आत उभी राहून हात ताणून बघत होती.

सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे मोठे भाऊ बाबाराव त्यांच्याही आधीपासून. कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला, जिने दगडी आणि लिफ्ट नाही. आईंना म्हटलं तुम्ही खाली अंगणात बसा. त्या काही बोलल्या नाहीत, कठडा धरून एकेक पायरी चढल्या, वीस मिनिटं लागली असतील. वर गेल्यावर चप्पल काढून आत गेल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या एका ग्रुपच्या बायका होत्या तिथे, त्यांनी जागा करून दिली. तेव्हा मुद्दा असा की म्हाताऱ्या माणसांसाठी जेलला दोन तास नाही, तीन तास धरा, आणि ती चढणार नाहीत असं आपणच ठरवू नका.

शेवटचा दिवस आणि बॅगा

विमानतळ शहरापासून चार-पाच किलोमीटरच. त्याचं नावही वीर सावरकर. दुपारचं विमान असेल तर सकाळी रॉसला छोट्या बोटीने जाऊन येता येतं, हरणं, मोर आणि वडाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या इमारती, म्हाताऱ्यांसाठी बॅटरीवरच्या गाड्याही असतात. आधीच्या दिवशी बोट लेट झाली असेल तर मात्र हे सोडून झोपा काढा.

बॅगा भरताना शंख-शिंपले-प्रवाळ यांचं बघा. बीचवर उचललेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा नेता येत नाही, कायद्याने बंदी आहे, आणि विमानतळावर सामान तपासताना पकडतात. शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्याच तर सरकारी एम्पोरियममधून, आणि पावती जपून ठेवायची. आम्ही नीलला निघायच्या आधी धाकट्याची बादली त्याच्यासमोर बीचवर उपडी केली होती, रडारड झाली पण झाली एकदाची. तरी विमानतळावर तपासणीच्या रांगेत आई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "याच्या चड्डीच्या खिशात एक आहे गं, मला काल रात्रीच दिसला होता." कचऱ्याचा डबा कुठे आहे ते मी आधीच बघून ठेवलं होतं.